फुप्फुसाचा कर्करोग आणि वाटेत हरवणारे आठवडे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान दोघांसाठी लिहिलं आहे. एक, ज्याच्या घरात हे निदान नुकतंच आलंय किंवा येईल अशी धास्ती आहे. दुसरा, ज्याच्यावर आरोग्यसेवेच्या नियोजनाची जबाबदारी आहे. आधी दोघांचे प्रश्न वेगळे मांडायचं ठरवलं होतं. पण रुग्ण विचारतो, 'निदान व्हायला चार महिने का लागले?' आणि नियोजन करणारा विचारतो, 'आमच्याकडचे बहुतेक रुग्ण चौथ्या टप्प्यातच, म्हणजे आजार दूर पसरल्यावरच, का येतात?' प्रश्न एकच निघाला, म्हणून पानही एकच ठेवलं.

बोलबाला तर इतर कॅन्सरचा जास्त असतो. फुप्फुसाचा कॅन्सर खरंच एवढा मोठा प्रश्न आहे का?

जागतिक अंदाजानुसार २०२२ साली सुमारे २४.८ लाख लोकांना हा आजार नव्याने झाला आणि सुमारे १८.२ लाख लोक त्याने गेले. नव्या रुग्णांची संख्या असो की मृत्यूंची, दोन्हींत तो पहिल्या क्रमांकावर आहे. कॅन्सरने होणाऱ्या दर पाच-सहा मृत्यूंपैकी एक याचा.

मग आवाज कमी का? आजारातून बरे झालेले लोक सभा घेतात, निधी गोळा करतात, सरकारला पत्रं लिहितात. इथे बरे झालेलेच थोडे. जे आहेत त्यांतल्या अनेकांना 'स्वतःच ओढवून घेतलंस' हे ऐकायची भीती वाटते, म्हणून ते गप्प राहतात. संशोधनाचा पैसा आणि लोकांचं लक्ष दोन्ही आवाजाच्या मागे जातात.

सिगारेट कधी हातातही धरली नाही, तरी होऊ शकतो?

हो. जगभरात या आजाराच्या १० ते २५ टक्के रुग्णांनी कधीच धूम्रपान केलेलं नसतं. प्रदेशानुसार हे प्रमाण बदलतं, आणि पूर्व आशियातल्या स्त्रियांमध्ये ते विशेष जास्त आहे.

कारणं बरीच आहेत. दुसऱ्याने सोडलेला धूर रोज श्वासात गेला तर धोका २० ते ३० टक्क्यांनी वाढतो. जमिनीतल्या युरेनियमच्या विघटनातून निघणारा रेडॉन वायू तळघरात, बंद खोल्यांत साठतो. त्याला रंग नाही, वास नाही. ॲस्बेस्टॉसचे तंतू, सिलिका, डिझेलचा धूर, बंद घरात जाळलेला कोळसा हीसुद्धा सिद्ध झालेली कारणं आहेत. यातलं काही धूम्रपानासोबत आलं, तर धोक्यांची नुसती बेरीज होत नाही; रेडॉन आणि ॲस्बेस्टॉसच्या बाबतीत तो गुणाकाराच्या जवळ जातो. म्हणून खाणीत किंवा जहाजबांधणीत काम केलेला माणूस सिगारेटही ओढत असेल, तर त्याच्या खोकल्याकडे डॉक्टरांनी वेगळ्या नजरेने पाहायला हवं. दुर्दैवाने 'पूर्वी काय काम करायचात?' हा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही.

प्रदूषित हवेमुळे कॅन्सर होतो हे सिद्ध झालंय, की नुसतंच बोललं जातं?

सिद्ध झालंय. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली डिझेलच्या धुराला आणि २०१३ साली बाहेरच्या प्रदूषित हवेला कॅन्सरकारक घटकांच्या पहिल्या गटात घातलं. तंबाखूचा धूरही त्याच गटात आहे. गट एकच असला म्हणजे धोका सारखाच असं मात्र नाही. पुरावा किती पक्का आहे एवढंच गट सांगतो, आणि व्यक्तीपुरता पाहिला तर सिगारेटचा धोका कितीतरी मोठा आहे.

हवा हे काम कशी करते, याबद्दल २०२३ साली लंडनच्या फ्रान्सिस क्रिक इन्स्टिट्यूटमधल्या चार्ल्स स्वॉन्टन यांच्या गटाने एक महत्त्वाची गोष्ट दाखवली. निरोगी दिसणाऱ्या फुप्फुसांचे नमुने तपासले, तेव्हा साधारण १८ टक्के नमुन्यांत ईजीएफआर या जनुकातला कॅन्सरशी जोडलेला बिघड आधीच हजर होता. वय वाढतं तसे असे बिघड पेशींमध्ये साठतात आणि एरवी गुपचूप पडून राहतात. बारीक धूलिकण आत गेले की सूज येते, इंटरल्युकिन-१ बीटा नावाचा संदेशवाहक वाढतो आणि झोपलेल्या पेशी जाग्या होतात. म्हणजे ठिणगी आधीपासून होती, हवेने फुंकर घातली. सिगारेट न ओढणाऱ्यांच्या आजाराकडे पाहायची दृष्टी या अभ्यासाने बदलली.

तंबाखूचा संबंध नक्की केव्हा कळला?

१९५० साली ब्रिटनमध्ये रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी लंडनच्या २० रुग्णालयांतल्या रुग्णांच्या मुलाखतींवरून अभ्यास प्रसिद्ध केला. सुरुवातीला डॉल यांचा संशय मोटारींच्या धुरावर आणि रस्त्याच्या डांबरावर होता. हाती आलं ते भलतंच. फुप्फुसाचा कॅन्सर झालेल्या ६४९ पुरुषांपैकी धूम्रपान न करणारे निघाले फक्त २. आकडे पाहून डॉल यांनी स्वतः सिगारेट सोडली. अमेरिकेतही त्याच वर्षी असाच निष्कर्ष निघाला, आणि १९६४ साली तिथल्या सर्जन जनरलच्या, म्हणजे सरकारच्या सार्वजनिक आरोग्यप्रमुखाच्या, अहवालाने त्यावर सरकारी शिक्का मारला. मधली चौदा वर्षं तंबाखू कंपन्यांनी 'अजून नक्की काही सांगता येत नाही' हे पटवण्यात घालवली. हवा, साखर, प्लॅस्टिक यांच्या वादात हेच वाक्य कानावर आलं की सावध व्हावं.

तीस वर्षं ओढली. आता सोडून काय फरक पडणार?

पडतो. सोडल्यानंतर दहाएक वर्षांत धोका, ओढत राहिलेल्या माणसाच्या तुलनेत, साधारण निम्म्यावर येतो. कधीच न ओढणाऱ्याइतका तो होत नाही, हेही खरं. निदान झाल्यावर सोडली तरी फायदा आहे: शस्त्रक्रियेनंतरची गुंतागुंत कमी होते, रेडिएशन जास्त सोसवतं, दुसरा कॅन्सर होण्याची शक्यता घटते. 'आता काय राहिलंय, ओढू दे त्याला' असं जवळचे लोक मायेपोटी म्हणतात. पण निकोटिनच्या चकत्या, औषधं आणि कुणीतरी दर आठवड्याला केलेली चौकशी यांच्या मदतीने सोडणं नुसत्या निश्चयापेक्षा बरंच सोपं जातं. ही मदत कॅन्सरच्या उपचारातच धरली पाहिजे. बहुतेक ठिकाणी ती भिंतीवरच्या पोस्टरपुरती उरते.

ई-सिगारेट चालेल का?

जो ओढत नाही, विशेषतः किशोरवयीन, त्याला नाही. जो ओढतो आणि दुसऱ्या कशानेही सुटत नाही, त्याने डॉक्टरांशी बोलावं. अनेक दशकांनंतर तिचा परिणाम काय होतो हे कळायला ती अजून पुरेशी जुनी झालेली नाही.

कोणत्या लक्षणांकडे दुर्लक्ष करू नये?

तीन आठवड्यांहून जास्त टिकलेला खोकला. जुन्या खोकल्याचा बदललेला आवाज किंवा वेळ. ओढणाऱ्यांच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं, कारण त्यांना खोकल्याची सवयच झालेली असते. थुंकीत रक्त, अगदी एक रेघ असली तरी. बसलेला घसा. त्याच जागी पुन्हा पुन्हा होणारा न्यूमोनिया. कारण नसताना उतरलेलं वजन. खांद्यातून हातात उतरणारी कळ, जिच्यावर महिनोन्महिने मानेची औषधं चालू असतात. बोटांची टोकं फुगून नखं घुमटासारखी होणं. चेहरा आणि मान सुजणं, हे मात्र तातडीचं.

यातलं एक लक्षण असलं म्हणजे कॅन्सरच, असं नाही. बहुतेकदा तो नसतो. पण तपासणीसाठी एवढं कारण पुरेसं आहे.

डॉक्टर म्हणाले टीबी आहे, औषधंही सुरू केली. नंतर कॅन्सर निघाला. असं कसं होतं?

जिथे क्षयरोग खूप आहे तिथे हे वारंवार घडतं. दोन्ही आजारांत खोकला, ताप, वजन कमी होणं, रक्त पडणं आणि एक्स-रेवर सावली दिसते. डॉक्टरने ओळखीच्या आजाराकडे बोट दाखवणं अस्वाभाविक नाही. चूक होते ती पुढे: थुंकीत जंतू सापडलेले नसताना केवळ सावली पाहून औषधं सुरू होतात आणि सहा महिन्यांचा कोर्स पुरा होईपर्यंत कुणी मागे वळून पाहत नाही.

जंतू सापडले नसतील आणि औषध घेऊन महिना-दीड महिना झाला तरी फरक नसेल, तर 'आणखी थोडं थांबू' हे उत्तर मान्य करू नका. सीटी स्कॅन आणि गरजेनुसार नमुना घेण्याबद्दल विचारा. जंतू सापडले असले तरी डोळे उघडे ठेवावेत, कारण दोन्ही आजार एकाच माणसाला असू शकतात. क्षयरोग कार्यक्रमाकडे कार्यकर्ते, एक्स-रे यंत्रं आणि रुग्णाचा पाठपुरावा करायची शिस्त आधीपासून असते. त्याच रांगेत 'जंतू नाहीत, सुधारणा नाही, पन्नाशी पार' अशा रुग्णासाठी एक वेगळं दार उघडलं, तर नवी इमारत न बांधता बरंच साधेल.

उशीर नेमका कुठे होतो?

या पानावरचा आम्हाला सर्वात महत्त्वाचा वाटणारा प्रश्न हाच. उशीर एका जागी होत नाही, म्हणून तो कुणाच्या डोळ्यांवर येत नाही.

खोकला सुरू होतो, माणूस महिनाभर घरगुती उपाय करतो. मग औषधाच्या दुकानातून सिरप. मग डॉक्टर, पाच दिवसांचं अँटिबायोटिक. बरं वाटलं नाही म्हणून दुसरं. मग एक्स-रे. मग सीटीची तारीख. सीटीवर गाठ दिसते, तेव्हा छातीविकारतज्ज्ञ. दुर्बिणीने नमुना घेतात, तो अपुरा निघतो. पुन्हा सुईने घेतात. पॅथॉलॉजीचा अहवाल येतो, 'ॲडिनोकार्सिनोमा', म्हणजे फुप्फुसाच्या कॅन्सरचा एक प्रकार. आता जनुकांची चाचणी, ती दुसऱ्या शहरात. तोवर पहिला सीटी जुना झाला म्हणून नवा स्कॅन. मग उपचाराची तारीख. प्रत्येक खिडकीवरचा माणूस सांगेल की आम्ही आमचं काम दोन आठवड्यांत केलं, आणि ते खरंही असेल. आठ खिडक्या आणि दोन-दोन आठवडे, हिशेब तुम्हीच करा. स्मॉल सेल या झपाट्याने वाढणाऱ्या प्रकारच्या कॅन्सरमध्ये एवढ्या अवधीत सगळं चित्र पालटलेलं असतं.

यावर उपाय आहेत, आणि ते फार झगमगीत नाहीत. संशयास्पद एक्स-रे पाहणाऱ्या रेडिओलॉजिस्टनेच थेट सीटी करून टाकावा, रुग्णाला परत पहिल्या डॉक्टरकडे पाठवू नये. नमुना घेतानाच जनुकीय चाचणीला पुरेल एवढा घ्यावा आणि पॅथॉलॉजिस्टने दुसऱ्या डॉक्टरच्या चिठ्ठीची वाट न पाहता ती चाचणी सुरू करावी. सर्जन, रेडिएशनचे डॉक्टर, केमोचे डॉक्टर, रेडिओलॉजिस्ट आणि पॅथॉलॉजिस्ट यांनी आठवड्यातून एकदा एका टेबलाशी बसून प्रत्येक रुग्णाचा निर्णय करावा. आणि रुग्णाचा हात धरून या खिडक्यांमधून नेणारी एक व्यक्ती असावी, जिचा फोन लागतो. ही कल्पना न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात हॅरल्ड फ्रीमन यांनी १९९० साली स्तनाच्या कॅन्सरसाठी राबवली. फुप्फुसाच्या रुग्णाला तिची गरज आणखी जास्त आहे, कारण त्याला चालताना दम लागतो.

डेन्मार्कने २००७ साली धोरण म्हणूनच ठरवलं की कॅन्सर हा तातडीचा आजार मानायचा, आणि पाठोपाठ प्रत्येक टप्प्याला दिवसांची मर्यादा घातली. इंग्लंडने फुप्फुसाच्या कॅन्सरसाठी आखलेल्या मार्गात रुग्ण पाठवल्यापासून उपचार सुरू होईपर्यंत ४९ दिवस धरले आहेत. तिथेही ते नेहमी पाळले जातात असं नाही. पण आकडा लिहून ठेवला की निदान तो चुकल्याचं तरी कळतं.

बायोप्सी केली, म्हणजे गाठीचा नमुना काढला, की कॅन्सर पसरतो, असं सगळे म्हणतात.

सुईच्या वाटेवर पेशी सांडल्याची उदाहरणं अत्यंत विरळ आहेत. नमुना न घेतल्याने मात्र दररोज कुणाचे ना कुणाचे उपचार चुकतात. हा समज टिकून राहण्याचं कारण असं की बायोप्सी होते तेव्हा आजार अनेकदा आधीच पसरलेला असतो. त्यानंतर तब्येत ढासळते आणि ठपका सुईवर येतो.

लक्षणं नसताना तपासणी करून घ्यावी का? दरवर्षी छातीचा एक्स-रे काढला तर?

एक्स-रेचा उपयोग नाही. मोठ्या चाचण्यांत त्याने या कॅन्सरचे मृत्यू कमी झाले नाहीत. कमी किरणांचा सीटी स्कॅन मात्र उपयोगी ठरला आहे, तोही सर्वांसाठी नाही. अमेरिकेत ५३,४५४ जणांवर झालेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, भरपूर धूम्रपान केलेल्या ५५ ते ७४ वयाच्या लोकांमध्ये, सीटीमुळे या कॅन्सरचे मृत्यू २० टक्क्यांनी घटले. नेदरलँड्स-बेल्जियममधल्या चाचणीत पुरुषांसाठी ही घट २४ टक्के होती.

दुसरी बाजूही ऐका. अमेरिकन चाचणीच्या तीन फेऱ्यांत मिळून सुमारे २४ टक्के स्कॅनमध्ये काहीतरी दिसलं, आणि त्यातल्या ९६ टक्क्यांहून अधिक वेळा तो कॅन्सर नव्हता. जुन्या टीबीचे व्रण, बारीक गाठी, कसली कसली सावली. प्रत्येकामागे पुन्हा स्कॅन, कधी सुई, आणि रात्रीची उडालेली झोप. जिथे क्षयरोगाचे व्रण घरोघरी, तिथे हे ओझं आणखी वाढेल.

सध्या अमेरिकेतली शिफारस ५० ते ८० वयाच्या, २० 'पॅक-वर्षं' ओढलेल्या आणि अजून ओढणाऱ्या किंवा गेल्या १५ वर्षांत सोडलेल्या लोकांसाठी आहे. रोज एक पाकीट याप्रमाणे वीस वर्षं, किंवा रोज दोन पाकिटं दहा वर्षं, म्हणजे २० पॅक-वर्षं. तैवानने २०२२ पासून कुटुंबात हा आजार असलेल्या, न ओढणाऱ्यांनाही कार्यक्रमात घेतलं आहे.

नियोजन करणाऱ्यांना एक स्पष्ट मत: ज्या भागात लक्षणं असलेल्या रुग्णालाच सीटीसाठी महिना थांबावं लागतं, तिथे निरोगी लोकांचे स्कॅन सुरू करणं म्हणजे रांगेत मागून माणसं घुसवणं. यंत्राचं उद्घाटन करता येतं, फोटो निघतो. नमुना वेळेत प्रयोगशाळेत पोचला याचा फोटो निघत नाही.

उपचारांनी खरंच फरक पडतो, की शेवट ठरलेलाच?

टप्प्यावर अवलंबून आहे. अमेरिकेतल्या नोंदींत आजार फुप्फुसापुरता असताना सापडला, तर पाच वर्षांनी ६० टक्क्यांहून अधिक रुग्ण हयात असतात. दूर पसरल्यावर सापडला तर दहा टक्क्यांच्या आसपास.

लहान गाठ शस्त्रक्रियेने काढतात. शस्त्रक्रिया झेपणार नसेल तर नेमकं, जास्त मात्रेचं रेडिएशन थोड्या दिवसांत देतात. मधल्या टप्प्यात केमो आणि रेडिएशन एकत्र, त्यापाठोपाठ अनेकदा इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कॅन्सरशी लढायला लावणारं औषध. पसरलेल्या आजारात गेल्या वीस वर्षांत खरी उलथापालथ झाली. ईजीएफआरमध्ये बिघड असेल तर जेफिटिनिब, एर्लोटिनिब, ओसिमर्टिनिब यांसारखी रोजची गोळी. एएलके या दुसऱ्या जनुकात असेल तर वेगळी. असे रुग्ण गोळीवर कामाला जातात, काही जण अनेक वर्षं. म्हणूनच ॲडिनोकार्सिनोमा निघाला आणि जनुकीय चाचणीचा विषयच निघाला नाही, तर तो तुम्ही काढा.

नवी औषधं इतकी महाग. ती ऐपतदार देशांपुरतीच आहेत का?

आज बऱ्याच अंशी तसंच आहे. पण भिंतीला भगदाडं पडताहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली ईजीएफआरच्या गोळ्या आणि २०२५ साली या कॅन्सरसाठी पेम्ब्रोलिझुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. यादीत नाव आलं म्हणजे औषध आलं, असं नव्हे. सरकारने खरेदी, किमतीची घासाघीस आणि चाचणीची सोय हे तिन्ही करावं लागतं. गोळी फुकट आणि चाचणी रुग्णाच्या खिशातून, हा प्रकार तर हास्यास्पद आहे.

'ओढायचे का?' हा पहिला प्रश्न सगळे विचारतात. काय सांगायचं?

काहीही सांगायला तुम्ही बांधील नाही. डॉक्टरला खरी माहिती हवी, कारण उपचार त्यावर ठरतात, बाकीच्यांना नाही. पंधराव्या-सोळाव्या वर्षी लागलेलं, जाहिरातींनी पोसलेलं व्यसन हा शिक्षा भोगावी असा गुन्हा नव्हे. आणि ही शरम केवळ मनाला लागत नाही. तिच्यामुळे माणूस खोकला लपवतो, डॉक्टरकडे जायचं टाळतो, आणि वरच्या हिशेबात आणखी काही आठवडे वाढतात.

पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे त्रास कमी करणारी सेवा, सुचवली. डॉक्टरांनी हात टेकले का?

नाही. २०१० साली बॉस्टनमध्ये पसरलेल्या फुप्फुसाच्या कॅन्सरच्या १५१ रुग्णांवर अभ्यास झाला. ज्यांना उपचारांबरोबर सुरुवातीपासून पॅलिएटिव्ह सेवा मिळाली, त्यांचे दिवस जास्त सुसह्य गेले, नैराश्य कमी राहिलं, आणि ते जगलेही जास्त: मध्यक ११.६ महिने, इतरांचे ८.९. शेवटी शेवटी त्यांना मारा करणारे उपचार कमी देऊनसुद्धा.

दम लागणं हे या आजारातलं सर्वात घाबरवणारं लक्षण. तोंडावर येणारा पंख्याचा वारा, बसण्याची पद्धत, छातीतलं पाणी काढणं आणि मॉर्फिनचा छोटा डोस यांनी ते आटोक्यात येतं. मॉर्फिन स्वस्त आहे. तरीही लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या आयोगाने २०१७ साली मोजलं, तेव्हा जगात वाटल्या गेलेल्या सुमारे ३०० टन मॉर्फिन-तुल्य औषधांपैकी सर्वात गरीब देशांत पोचलं होतं ०.१ टन. व्यसनाच्या भीतीने केलेले कडक नियम मरणासन्न माणसाच्या वेदनेवर राखण करत बसले आहेत.

सरकारने एकच गोष्ट करायची तर कोणती?

तंबाखूवरचा कर वाढवावा, आणि महागाईच्या पुढे वाढवत राहावा. किंमत १० टक्क्यांनी वाढली की खप साधारण ४ ते ५ टक्क्यांनी घटतो, आणि सर्वात आधी मुलं मागे हटतात. जागतिक तंबाखू नियंत्रण करार २००३ साली मंजूर झाला, २००५ पासून लागू आहे. जाहिरातबंदी, सार्वजनिक जागी धूम्रपानबंदी, पाकिटावरची चित्रं हे सगळं त्यात आहे. ऑस्ट्रेलियाने २०१२ साली पाकिटांवरचे ब्रँडचे रंग आणि चिन्हंही काढून टाकली.

अडचण अशी की फळ उशिरा येतं. अमेरिकेत दरडोई सिगारेटचा खप १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला शिखरावर होता. पुरुषांमधले या कॅन्सरचे मृत्यू घटू लागले १९९० नंतर. आज कर लावणाऱ्या मंत्र्याच्या कारकिर्दीत काहीच दिसणार नाही. म्हणूनच कर्करोग नोंदणी हवी: किती रुग्ण, कोणत्या टप्प्यात, पहिल्या तपासणीपासून किती दिवसांनी. ती नसेल तर यशही दिसत नाही आणि अपयशही.

आमच्या माणसाला कालच कळलं. आज काय करू?

एक वही घ्या. सगळे अहवाल तारखेनुसार लावा. स्कॅनची सीडी आणि बायोप्सीचा ब्लॉक (मेणात जपलेला नमुना) कुठे आहे ते लिहून ठेवा, कारण दुसरं मत घ्यायचं झालं तर तेच मागतात. पुढच्या भेटीत चार गोष्टी विचारा: प्रकार कोणता, टप्पा कोणता, जनुकीय चाचणी पाठवली का, आणि आमचा निर्णय किती डॉक्टरांनी मिळून घेतला. उत्तरं तिथेच लिहा; घरी येईपर्यंत अर्धी विसरलेली असतात. रुग्णाला विचारा की त्याला किती जाणून घ्यायचंय, त्याच्या वतीने ठरवू नका. प्रत्येक तपासणीच्या वेळी निघताना पुढची तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.